बंगल्याचा नकाशा, व्हीलचेअरच्या उंचीवरून

आमच्या घराचा पहिला नकाशा हातात आला तेव्हा मी त्यात कुठेच मावत नव्हते. तीन बेडरूम, हॉल, किचन, पुढे पोर्च, आणि एका कोपऱ्यात निळ्या शाईने काढलेलं व्हीलचेअरचं चिन्ह. बाथरूमचं दार अडीच फुटी होतं. स्वयंपाकघरात मी शिरले असते, पण वळायला जागा नसल्यामुळे उलट्या पावली, म्हणजे उलट्या चाकी, बाहेर यावं लागलं असतं. तो नकाशा मी परत केला आणि पुढचे पाच महिने त्यातच गेले. त्या पाच महिन्यांत जे कळलं ते इथे लिहून ठेवते.

२०१७ साली दुचाकीवरून पडले आणि पाठीचा मणका गेला. कमरेखाली ताकद नाही आणि संवेदनाही नाही. चिमटा काढला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. नकाशात हेही धरावं लागतं, ते पुढे येईलच. घरात आम्ही पाच माणसं: मी, हे, सासूबाई आणि दोन मुलं. मी ब्लाउज शिवते. मशीनच्या मोटरचं पायडल टेबलावर बांधून घेतलंय, ते कोपराने दाबते. प्लॉट सांगलीत, कुपवाडच्या अंगाला, ४५ बाय ७२, म्हणजे तीन गुंठ्यांना थोडा कमीच. घर ३३ बाय ४२, एकमजली.

आधी दिवस लिहा, मग खोल्या

आर्किटेक्टकडे जाण्याआधी एका वहीत आपला एक दिवस लिहून काढा. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत खुर्ची कुठून कुठे जाते, एवढंच. मी लिहिलं ते असं: पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथेच आंघोळ, परत पलंगावर कपडे घालायला, मग चहा, मुलांचे डबे, देवपूजा, दहा वाजता मशीन. दर चार तासांनी नळीने लघवी काढायची असते, म्हणजे दिवसात पाच-सहा फेऱ्या बाथरूमला. दुपारी तासभर आडवं व्हायचं, नाहीतर बसून बसून जखमा होतात. संध्याकाळी अंगणात.

हे कागदावर आल्याबरोबर अर्धा नकाशा आपोआप ठरला. सगळ्यात जास्त फेऱ्या होत्या पलंग ते बाथरूम आणि मशीन ते बाथरूम. पहिल्या नकाशात शिलाईची खोली पुढे रस्त्याकडे होती, गिऱ्हाइकांना सोयीची म्हणून. ती आता माझ्या बेडरूमला लागून आली आणि गिऱ्हाइकांना तिथेच बाहेरून वेगळं दार दिलं. हॉल मधोमध घेतला आणि बाकीच्या खोल्यांची दारं थेट हॉलात उघडली. पॅसेज ठेवलाच नाही. आपल्याकडे पॅसेज तीन फुटी करतात आणि त्यात खुर्ची वळत नाही. वळण्याजोगा करायचा तर पाच फुटी लागतो. मग एवढी जागा नुसत्या येण्याजाण्यात कशाला घालवायची?

त्याच वहीत आपल्या खुर्चीची मापंही लिहा. बाजारातल्या नव्हे, आपल्या खुर्चीची, आपण तीत बसलेलो असताना. माझी खुर्ची रुंदीला २५ इंच. पण चाक ढकलताना दोन्ही बाजूंना हात बाहेर येतात, ते धरून २९. पाय ठेवायच्या पट्टीसकट लांबी ४२. गादी दबल्यावर बैठकीची उंची १९. गुडघे जमिनीपासून २५. डोळे ४६. बसल्या जागी हात वर ४८ पर्यंत आरामात पोहोचतो, खाली १५ पर्यंत. त्याहून खाली वाकले तर तोल जातो. हे आठ आकडे मी आर्किटेक्टबाईंना दिले, त्यांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवले आणि तिथून कामाला वेग आला.

सरकारी मापंही आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, आणि २०२१ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी कामकाज मंत्रालयाने सुगम्यतेची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा रोख सार्वजनिक इमारतींवर आहे. आपल्या घरात येऊन दाराची रुंदी कुणी मोजणार नाही, ती आपणच मोजायची.

खडू, दोरी आणि फक्की

कागदावर पाच फुटांचं वर्तुळ फार मोठं दिसतं. खरी खोली जमिनीवर आखल्याशिवाय विश्वास ठेवू नका. प्लॉटवर मुरूम होता, चाकं रुतायची, म्हणून आम्ही कॉलनीतल्या देवळासमोरच्या फरशीवर खडूने एकेक खोली खऱ्या मापात काढली. पलंग म्हणून चटई, ओटा म्हणून बाकडं, कपाट म्हणून पुठ्ठ्याचे खोके. मी खुर्ची घेऊन त्यातून फिरायचे आणि रेघ ओलांडली की लेक ओरडायची, "आई, भिंतीत गेलीस!" बाथरूमची पाळी आली तेव्हा सासूबाई अडल्या. देवाच्या दारात संडास आखायचा नाही म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. मग ते चित्र शेजारच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये काढलं.

या खेळात दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे, दार आपल्याकडे ओढून उघडायचं असेल तर कडीच्या बाजूला निदान दीड फूट भिंत मोकळी लागते. नाहीतर दार आपल्याच खुर्चीवर आदळतं आणि उघडता उघडत नाही. दुसरी म्हणजे, पलंग. मी तो खोलीच्या मध्यावर मागितला होता, दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट. पण मी उतरते एकाच बाजूने. मग त्या बाजूला पाच फूट सोडले, दुसरीकडे चादर घालण्यापुरते दोन, आणि कपाटाला जागा मिळाली.

पुढे प्लॉटवर फक्की पडली, म्हणजे पांढऱ्या भुकटीने भिंतींच्या रेघा आखल्या, त्या दिवशीही मी गेले होते. पाया खणण्याआधीचा तो एकच दिवस असा असतो की भिंत सहा इंच सरकवायला एक पैसा लागत नाही. मिस्त्रींना आधी ते आवडलं नाही, पण प्लायवूडचे दोन तुकडे पुढे-मागे टाकत त्यांनीच मला सगळ्या घरातून नेलं.

जोतं आणि रॅम्प

सांगलीत जोत्याची, म्हणजे घर ज्यावर उभं राहतं त्या चौथऱ्याची, उंची हा हळवा विषय आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आम्ही गावभागात भाड्याच्या घरात, तळमजल्यावर होतो. मला चौघांनी उचलून बोटीत ठेवलं. त्यामुळे घर बांधायचं म्हटल्यावर जो तो सांगायला लागला, जोतं चार फूट घ्या, पाच फूट घ्या.

पण हिशेब बघा. व्हीलचेअरच्या रॅम्पला एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते. एकास बारा. चार फूट जोतं म्हणजे अठ्ठेचाळीस फूट रॅम्प, आणि मधे थांबायला सपाट जागा वेगळी. आमच्या प्लॉटच्या रुंदीपेक्षा लांब. म्हणून पुराचा प्रश्न आम्ही जोत्याने नाही, प्लॉटने सोडवला. नदीपासून लांब, उंचावरचा प्लॉट घेतला, गावभागापेक्षा गैरसोयीचा असला तरी. मग जोतं रस्त्यापासून दोन फूट पुरलं.

दोन फुटांनाही चोवीस फूट रॅम्प लागतो. इथे आर्किटेक्टबाईंनी छान तोड काढली. घरापुढे पंचवीस फूट मोकळी जागा सोडली होती. गेटपासून वीस फुटांत सगळं अंगणच हलकेच एक फूट चढवलं. एकास वीसचा चढ, तो चढ म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि पावसाचं पाणी घराकडे न येता रस्त्याकडे जातं. राहिला एक फूट. त्यासाठी घराच्या पुढच्या भिंतीला समांतर बारा फुटांचा रॅम्प, चार फूट रुंद, खाली आणि वर पाच बाय पाचची सपाट जागा. बाकीच्यांसाठी पोर्चला दोन पायऱ्या आहेत. पण सासूबाईंचे गुडघे, मुलाची सायकल, गॅसची टाकी, सगळं रॅम्पवरूनच येतं. पायऱ्यांवर कुंड्या ठेवल्यात.

रॅम्प मुख्य दाराला असावा. एका नातेवाइकांनी सुचवलं होतं की पुढे शोभा जाईल, मागच्या दाराला करा. स्वतःच्या घरात मोरीच्या बाजूने शिरायला मी तयार नव्हते.

गाडी चढवायचा उतार म्हणजे रॅम्प नव्हे, हे मिस्त्रींना आधीच सांगा. ते सवयीने तीन फुटांत एक फूट चढवून मोकळे होतात. त्यावरून खुर्ची ढकलणारा घसरतो आणि बसणारा मागे कलंडतो. कडेला तीन-चार इंचांची उभी पाळ हवी, चाक खाली जाऊ नये म्हणून. कठडा दोन्ही बाजूंना, पाइप गोल, मुठीत मावेल असा. आमच्या पाइपांच्या उंच्या दोन आहेत, सव्वादोन आणि तीन फूट. वरचा सासूबाईंचा, खालचा माझा. एकटी चढताना मी तो धरून खुर्ची ओढते.

रॅम्पवर ठेकेदाराने चकचकीत टाइल बसवली. मी नको म्हटलं होतं. "मॅडम, मॅट आहे," म्हणाले. पहिल्याच पावसात उतरताना चाकं लॉक असूनही खुर्ची घसरत खाली गेली. टाइल फोडून साधं काँक्रीट केलं आणि ओलं असतानाच त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या. दिसायला गोठ्यासारखं दिसतं. घसरत नाही.

मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती सोडाव्या लागणाऱ्या मोकळ्या जागेत, रॅम्प येणार असेल तर नकाशा मंजुरीला टाकण्याआधी आर्किटेक्टकडून ते पक्कं करून घ्या. नंतर बदल करायचा म्हणजे पुन्हा फी आणि पुन्हा खेटे. दुसरं बाहेर पडायचं दारही आत्ताच ठरवा. स्वयंपाकघरात आग लागली आणि मुख्य दाराची वाट तिथूनच असेल तर काय? शिलाईच्या खोलीचं गिऱ्हाइकांचं दार हे माझं दुसरं दार. घराभोवतीची जमीन भरावाने एक फूट वर आलेलीच होती, म्हणून तिथेही बारा फुटांचाच रॅम्प लागला.

दारं आणि उंबरठा

दाराच्या मापात फसगत होते कारण गवंडी सांगतो ते भिंतीतल्या भगदाडाचं माप. तीन फुटी दार म्हटलं की चौकटीचे पाच इंच वजा, उघड्या फळीची जाडी आणि बिजागरी वजा, उरतात एकोणतीस इंच. माझ्या हातांना तेवढेच लागतात, आणि रोज बोटांची सालं निघतात. आम्ही सगळी दारं साडेतीन फुटी घेतली, हातात पस्तीस इंच आले. बाथरूमचंसुद्धा. भाड्याच्या घरात बाथरूमचं दार दोन फुटांचं होतं. दोन वर्षं मी दाराबाहेर खुर्ची सोडून, ह्यांनी पाटाला चाकं लावून केलेल्या गाड्यावर बसून आत जायचे. त्या दोन वर्षांनी माझे खांदे गेले.

उंबरठ्यावरून घरात आठवडाभर बोलणी झाली. मुख्य दाराला उंबरठा नाही म्हणजे लक्ष्मी यायची कुठून, असं सासूबाईंचं म्हणणं. रोज सकाळी उंबऱ्यावर रांगोळीची दोन बोटं ओढल्याशिवाय त्या चहा घेत नाहीत. आणि मला अर्ध्या इंचाचा उंचवटाही पुढच्या छोट्या चाकाला अडतो. शेवटी लाकडाचा उंबरठा करायचा, पण तो वर न ठेवता फरशीत बसवायचा असं ठरलं. सागाची चार इंची पट्टी, त्यात पितळेची फुलं, वरची पातळी फरशीला बरोबर. हळदीकुंकू त्यावर होतं, रांगोळी होते, संक्रांतीला सुगडं तिथे ओवाळली गेली. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून दाराबाहेर आडवी जाळी आहे आणि वर चार फुटांचं छज्जं.

जाळीचं मात्र चुकलं. तिच्या पट्ट्या माझ्या येण्याच्या दिशेने उभ्या बसवल्या आणि फटी पाऊण इंचाच्या. पुढचं चाक फटीत गेलं आणि वास्तुशांतीच्या दिवशी, भटजींच्या समोर, मी ताट घेऊन पुढे पडता पडता वाचले. जाळीच्या फटी अर्ध्या इंचाच्या आत हव्यात आणि चाकाच्या वाटेला आडव्या हव्यात.

बाथरूम: इथे जागा मागून घ्या

हॉल दोन फूट लहान झाला तरी चालेल, बाथरूम आठ बाय आठच्या खाली नको. सगळे नाकं मुरडतात. "एवढं मोठं बाथरूम?" हो, कारण आत पाच फुटांचं वर्तुळ मोकळं लागतं, आणि ते कमोड, नळ, बेसिन सगळं बसवल्यावर.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं दार असेल आणि मी आत पडले, तर माझ्याच अंगाने दार अडतं आणि कुणाला आत येता येत नाही. माझं दार सरकतं आहे, भिंतीबाहेरून लटकणारं, खाली पट्टी नाही. आतली कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते.

कमोड कुठे, हे ठरवताना एकच प्रश्न: तुम्ही खुर्चीतून कुठल्या अंगाला सरकता? मी डावीकडे सरकते. म्हणून कमोड डाव्या भिंतीजवळ, भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंत दीड फूट, आणि उजवीकडे खुर्ची लावायला तीन फूट मोकळे. उंची बैठकीसकट १९ इंच, माझ्या खुर्चीएवढी. साधे कमोड खुजे असतात, म्हणून भिंतीत टांगायचा घेतला, तो हव्या त्या उंचीवर बसतो. डाव्या भिंतीवर आडवा दांडा, बैठकीपासून नऊ इंच वर. उजवीकडचा दांडा वर दुमडणारा, नाहीतर तोच सरकायला आडवा येतो.

हे दांडे ज्या भिंतीत जाणार ती नऊ इंची विटेची घ्या. पातळ पडदीत किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत नुसत्या स्क्रूवर दांडा ठोकला तर तो एक दिवस हातात येतो, आणि सगळा भार त्याच्यावर असतानाच येतो. आमच्याकडे त्या पट्ट्यात काँक्रीट ओतून घेतलं. त्याचा फोटो, फूटपट्टी भिंतीला लावून, प्लॅस्टरआधी काढून ठेवला. टाइल लागल्यावर काँक्रीट कुठे होतं ते कुणालाच आठवत नाही.

बाथरूमची फरशी बाहेरच्या फरशीच्या पातळीला हवी असेल तर स्लॅब किंवा भराव त्या भागात आधीच खाली घ्यावा लागतो. हे प्लंबर येईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. उतार फक्त आंघोळीच्या भागाला, पाच फुटांत एक इंच, मागच्या भिंतीकडे, तिथे भिंतभर लांब जाळीचा नाला. कमोडशेजारची जागा सपाटच ठेवा. उतारावर खुर्ची लावून सरकायला गेलं की ब्रेक असूनही ती हलते.

आता संवेदनेचं. बेसिनखाली माझे गुडघे जातात, तिथे गरम पाण्याचा उघडा पाइप असेल तर मांडी भाजेल आणि मला कळणारही नाही. आमचा पाइप भिंतीत गाडला आहे. गीझरचं तापमान कमी लावून ठेवलंय आणि नळ थंड-गरम एकत्र येणारा आहे. तरी पाणी आधी हातावर. आंघोळीच्या खुर्चीला मऊ गादी आहे, कारण कडक बैठकीवर वीस मिनिटांत कातडी लाल होते आणि ती जखम भरायला महिने जातात.

आरसा बेसिनच्या कडेपासूनच वर सुरू होतो. नळीचं सामान ठेवायला कमोडच्या हाताशी, अडीच फुटांवर कडप्प्याचं कपाट. घंटेचं एक बटण जमिनीपासून एक फुटावर. ते पडलेल्या माणसासाठी आहे.

वास्तुवाले एक काका येऊन बाथरूमची दिशा चुकलीय म्हणाले. चहा देऊन पाठवलं.

ओटा

स्वयंपाकघर माझं आहे आणि सासूबाईंचंही, हा खरा पेच. त्या उभ्याने करणार, मी बसून. नेहमीचा ओटा तेहतीस-चौतीस इंच असतो, तो माझ्या छातीशी येतो आणि कढईत काय चाललंय ते दिसत नाही.

आम्ही इंग्रजी एल अक्षरासारखा ओटा केला. लांब बाजू माझी, ३० इंच उंच. ग्रॅनाइट आणि खालचा कडप्पा धरून अडीच इंच गेले, खाली साडेसत्तावीस मोकळे. गुडघे पंचवीसवर, म्हणजे आरामात आत. खाली ट्रॉल्या नाहीत, दार नाही, मधली उभी भिंतही नाही, सलग साडेसहा फूट मोकळं. कडप्प्याला आधार म्हणून भिंतीतून लोखंडी ब्रॅकेट काढले. आखूड बाजू ३३ इंच, सासूबाईंची, तिच्याखाली ट्रॉल्या आणि डबे.

शेगडी, कामाची जागा आणि सिंक तिन्ही माझ्या बाजूला, एकाच उंचीवर, एका ओळीत. गरम पातेलं मला उचलायचं नसतं, सरकवायचं असतं. मांडीवर ठेवून न्यायचं तर मुळीच नाही. पहिल्या वर्षी भाताचं भांडं मी मांडीवर घेतलं होतं. कळलं ते संध्याकाळी, फोड दिसल्यावर. सिंक उथळ घेतला, सहा इंचांचा, आणि त्याचा पाइप मागे भिंतीकडे वळवला, गुडघ्यांना लागू नये म्हणून.

सिलेंडर ओट्याखाली ठेवला तर माझी जागा जाते. तो बाहेरच्या धुण्याच्या जागेत, हवेशीर, आणि तांब्याच्या पाइपने आत. पण रेग्युलेटरपर्यंत माझा हात पोहोचतो हे पाहूनच जागा ठरवली.

पोळ्यांना ३० इंचसुद्धा उंच पडतात, लाटण्यावर जोर येत नाही. त्यासाठी माझ्या शिलाईच्या टेबलाने वाट दाखवली. ते २८ आहे आणि तिथे हाताला बरोबर जोर येतो. म्हणून ओट्याशेजारी २८ इंचांचं एक चाकं नसलेलं जड लाकडी टेबल ठेवलंय. पोळपाट त्यावर, परात त्यावर, शेंगा सोलायच्या त्यावर. मुलं अभ्यासही तिथेच करतात.

ओट्यासमोर पाच फूट मोकळे सोडा. आमचे सोडले होते. मग फ्रिज आला आणि त्याचं दार नेमकं त्या मोकळ्या जागेत, चुकीच्या बाजूने उघडतं. मला वळसा घालून जावं लागतं. फ्रिजची जागा नकाशात होती, दार कुठल्या बाजूला उघडतं ते नव्हतं.

स्लॅबआधी उरकायच्या बाकीच्या गोष्टी

बटणं साडेतीन फुटांवर, सॉकेट दोन फुटांवर. मीटरची मेन पेटीसुद्धा चार फुटांवर घ्या, वायरमन ती सहा फुटांवर लावतो आणि फ्यूज उडाल्यावर आपण अंधारात शेजाऱ्याची वाट बघतो. खिडकीची पाळ माझ्या खोलीत दोन फुटांवर. ताप आला की दिवसभर पडून राहावं लागतं, तेव्हा गेटवर कोण आलंय ते पलंगावरून दिसतं.

वरचा मजला आत्ता नाही, पण मुलं मोठी झाली की होईल. जिन्याशेजारी पाच बाय पाचची एक खोली कोठी म्हणून ठेवली आहे. तिच्यावरच्या स्लॅबचं लोखंड इंजिनिअरने असं बांधलंय की पुढे तेवढा भाग कापून लिफ्ट बसवता येईल. पलंगावरच्या स्लॅबमध्येही त्यांच्याकडूनच हिशेब करून एक जाड हूक सोडला, पुढे मला उचलायचं साधन टांगता यावं म्हणून. आज ह्यांची पाठ चांगली आहे, मला उचलतात. ती कायम चांगली राहील असं धरून घर बांधता येत नाही.

स्कूटीला दोन जादा चाकं लावून घेतली आहेत, तिच्याशेजारी खुर्ची लावायला जागा हवी म्हणून शेड बारा फूट रुंद. तुळशीवृंदावन अडीच फुटांचं, भोवती चार फुटांची फरशी, प्रदक्षिणेसाठी. कपडे वाळत घालायला कप्पीचा दोरीवाला स्टँड, खाली ओढायचा आणि वर सोडायचा.

प्लॅस्टर झालं की, रंग लावण्याआधी, खुर्ची घेऊन एकटीने सगळ्या घरात फिरा. प्रत्येक कडी, नळ, बटण, खिडकीचं हँडल बसल्या जागेवरून हाताने लावून बघा, आणि जे लागत नाही तिथे खडूने फुली मारा. आमच्या घरात सतरा फुल्या निघाल्या. सोळा मिस्त्रींनी आठवड्यात उरकल्या. सतरावी गेटची वरची कडी, पाच फुटांवर आहे. वेल्डर येतो म्हणालाय, दिवाळीपासून म्हणतोय.